गुडघेदुखीची गोळी रोज घेताय? फायदा आणि धोका दोन्ही समजून घ्या

खुरपणी, भातलावणी, ऊसतोडणीच्या दिवसांत गुडघे आणि कंबर दुखायला लागली की अनेकजण मेडिकलमधून गोळी आणतात. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही त्यातली नेहमीची औषधं. दुखणं थांबतं, पण तीच गोळी महिनोन् महिने चालू राहिली तर ती महागात पडू शकते.

गोळी काय करते?
शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या घटकामुळे सांध्यात सूज आणि वेदना वाढते. गोळी तो कमी करते, म्हणून आराम पडतो. मात्र हाच घटक जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतो आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवतो. त्यामुळे पोटात अल्सर, रक्तस्राव आणि किडनीवर ताण येऊ शकतो. बीपी वाढतो, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. झिजलेला गुडघा मात्र गोळीने भरून येत नाही.

हे गैरसमज टाळा
- "सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो, मग काय होतंय?" त्याने पोटाला संरक्षण मिळतं, किडनीला नाही.
- "इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही." औषध रक्तातूनही तेच काम करतं.
- कंपनीचं नाव वेगळं असलं तरी आत औषध तेच असू शकतं. दोन वेदनाशामक गोळ्या एकदम घेऊ नका.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये?
साठी ओलांडलेले, बीपी, शुगर, हृदय किंवा किडनीचे रुग्ण, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी किंवा लघवीची गोळी चालू असलेले आणि गर्भवती महिला. डेंग्यूचा संशय असेल तर या गोळ्या टाळा. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन गोळी घेतली तर किडनीला धोका जास्त.

ही लक्षणं दिसली तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा
डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, पायावर सूज, छातीत दुखणं, दम लागणं.

मग करायचं काय?
गोळी जेवणानंतर, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. गुडघ्याला आधी वेदनाशामक जेल लावून बघा. मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणं याचा फायदा टिकतो. रोजच गोळी लागत असेल तर बीपी मोजा आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. सकाळी तासभर सांधे आखडत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून दुखणं अंगावर काढू नका.