दार नसलेले घर : आग्यामोहोळावरील लहर आणि तिचे वाचन

मुंबईच्या उत्तर टोकाला, दहिसरच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली पावसाळा उलटला की आग्यामोहोळे लटकू लागतात. खिडकीतून पाहणाऱ्यास ते काळपट, निश्चल लोंबते कापड वाटावे. आणि मग काहीही कारण दिसत नसताना त्या कापडावरून एक लहर सर्रकन धावत जाते. पाठोपाठ दुसरी, तिसरी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे चित्रीकरण पडते, ‘माश्या चिडल्या आहेत’ असा निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्या दिवशी औषध फवारणारा माणूस गच्चीवर हजर होतो.

माश्या खरोखर चिडलेल्या असतात काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शास्त्रज्ञांनाही विसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि त्यापुढचीही काही वर्षे लागली. मधल्या काळात याच माशीच्या एका सवयीचा अर्थ चुकीचा लागल्याने दोन महासत्तांमध्ये रासायनिक युद्धाचा आरोप गाजला. आजचा धागा त्या कथेचा.

प्रथम माशीची ओळख. महाराष्ट्रात मध साठवणाऱ्या माश्यांचे चार प्रकार सर्वपरिचित आहेत : आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली चिमुकली पोया. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, म्हणून ती लाकडी पेटीतही नांदते. आग्या मात्र उघड्यावर राहते. कड्याच्या, फांदीच्या किंवा सज्जाच्या खालच्या बाजूस ती एकच एक मोठे पोळे बांधते, मीटरभर रुंदीचेही. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १७९३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले : एपिस डॉर्साटा.

आता एक अडचण लक्षात घ्या. आधुनिक मधमाशीपालनाचे ग्रंथ ज्या माशीवरून लिहिले गेले ती युरोपातील, पोकळीत राहणारी. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ याने १८५१ मध्ये चौकटींमध्ये नेमके किती अंतर ठेवावे हे हेरले, पुढील वर्षी सुट्या चौकटींच्या पेटीचे स्वामित्व घेतले आणि पाळीव मधमाशीचे घर म्हणजे दार असलेली पेटी हे जगभर ठरून गेले. मग पेटीच्या आत जे घडते ते नित्याचे आणि बाहेर जे घडते ते विलक्षण, अशी वाटणी आपोआपच झाली. उकाड्यात माश्या दाराबाहेर येऊन दाढीसारख्या लोंबतात, तेव्हा नवशिका पालक घाबरतो. त्या केवळ आतील गर्दी आणि उष्णता कमी करत असतात. याहून कोड्यात टाकणारा एक प्रकार आहे. शेकडो कामकरी माश्या पेटीच्या दर्शनी फळीवर ओळीने उभ्या राहून, डोके खाली घालून, फळीवर कपडा घासावा तशा पुढेमागे झुलत राहतात. बोरर आणि पेटिस या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दोन आठवड्यांच्या वयाच्या माश्या हे काम करू लागतात, दुपारपर्यंत ते वाढत जाते, एवढे कळले. कशासाठी करतात, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

पण ही वाटणी आग्याला लावून पाहा, ती लगेच मोडते. तिच्या घराला दारच नाही. पोळ्याभोवती माश्यांचे थरावर थर एकमेकींना धरून लोंबतात. डोके वर, पोट खाली. हा जिवंत पडदाच तिची भिंत, तोच छप्पर आणि तोच पहारा. अंडी, अळ्या आणि मध त्याच्यामागे. बाहेरचा पृष्ठभाग हेच तिचे सार्वजनिक जीवन, म्हणून तिला समजून घ्यायचे तर बाहेरच वाचावे लागते.

भीतीमुळे हे वाचन फार काळ झाले नाही. अजिंठ्याची लेणी पाहणाऱ्यांना आणि सह्याद्रीचे किल्ले चढणाऱ्यांना आग्यामोहोळाचा धाक आजही ठाऊक आहे. कॅप्टन फोर्सिथ याच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील पुस्तकात भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरील माश्यांपासून सुटण्याच्या धडपडीत नर्मदेत बुडालेल्या एका इंग्रज अभियंत्याची हकीकत आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९५ च्या ‘सेकंड जंगल बुक’मधील एका कथेत वैनगंगेच्या घळीतील अशाच माश्यांना रानकुत्र्यांच्या टोळीचा काळ बनवले. साहेबाच्या लेखनात ही माशी येते ती बहुधा अशी, शत्रू म्हणून. कोकण आणि घाटातील कातकरी व ठाकर तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या नजरेने पाहत आले, कारण त्यांना तिचा मध काढायचा होता. त्यांचे ज्ञान कोणी वेळीच लिहून घेतले असते तर ही कथा बरीच आखूड झाली असती, असे माझे मत आहे.

पडद्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा आरंभीचा महत्त्वाचा माणूस म्हणजे मार्टिन लिंडाउअर, मधमाशीच्या नृत्याचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांचा शिष्य. १९५४-५५ च्या सुमारास तो सिलोनमध्ये आला आणि १९५६ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘भारतीय मधमाश्या’ आहेत. पोकळीत राहणारी माशी अंधारात नाचून अन्नाची दिशा सांगते. आग्या मात्र पडद्याच्या उभ्या पृष्ठभागावर, आकाश दिसेल अशा जागी नाचते, हे त्याने दाखवले. पडद्यावरील वळवळीतील एक भाग तरी नकाशा होता!

महाराष्ट्रातही काम चालू होते. ठकार आणि टोणपी यांनी १९६१ मध्ये आग्याच्या पोळ्यातील कामकरी, नर व राणीच्या घरांविषयीचे टिपण ‘बी वर्ल्ड’ या नियतकालिकात छापले. पुढच्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये ठकारांनी याच नियतकालिकात आग्याला पेटीत वसवण्याच्या प्रयत्नांवर लिहिले. उघड्यावर राहणाऱ्या माशीला घर देण्याचा विचारच किती धाडसी होता!

आता महासत्तांकडे. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये जाहीर आरोप केला की, सोव्हिएत संघाच्या पाठिंब्याने लाओस व कंबोडियात बुरशीजन्य विषाचा वापर होत आहे. पुरावा काय? लाओसमधून पळून आलेल्या ह्मोंग निर्वासितांनी सांगितलेला ‘पिवळा पाऊस’ आणि पानांवर वाळलेले पिवळे ठिपके. ठिपके तपासले तेव्हा त्यांत परागकणच परागकण निघाले. विष शरीरात नीट जावे म्हणून ते मुद्दाम मिसळले असावेत, असाही तर्क मांडला गेला.

हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाशीतज्ज्ञ थॉमस सीली यांना तो पटला नाही. त्या परागकणांची टरफले होती, आतील प्रथिने मात्र नाहीशी झालेली. असे परागकण मधमाशीच्या विष्ठेत सापडतात. १९८४ मध्ये ते थाई सहकाऱ्यासह थायलंडच्या जंगलात गेले आणि आग्याच्या मोहोळांखाली उभे असताना त्यांच्यावरच पिवळ्या थेंबांची सर आली. पडद्यातील शेकडो माश्या एकाच वेळी सुटतात, आकाशात विष्ठा टाकतात आणि काही मिनिटांत परततात. खालून पाहणाऱ्याला माश्या दिसतीलच असे नाही. चीनमध्ये १९७६ साली जिआंग्सू प्रांतात असाच पिवळा पाऊस पडून लोक घाबरले होते, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी तो माश्यांचा असल्याचे तेव्हाच ओळखले होते.

येथे एक सावधगिरी. ह्मोंग लोकांच्या हालअपेष्टा खोट्या नव्हत्या. त्यांच्यावर खरोखर बाँब पडले, त्यांची गावे उठली. ठिपके माश्यांचे ठरले म्हणून त्यांची साक्षच रद्द झाली, असे मानणे अन्याय्य होईल. अमेरिकी सरकारने आरोप औपचारिकपणे कधी मागे घेतला नाही, आणि वादाची धग पुढेही राहिली. मात्र ठिपक्यांबाबतचा माश्यांचा खुलासा शास्त्रज्ञांमध्ये व्यापकपणे मान्य झाला.

माश्या एकाच वेळी असे का उडतात? मार्दान आणि केव्हन यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये सुचवले की, विष्ठा टाकून हलके होणे हा शरीर थंड करण्याचा मार्ग असावा आणि थंड होऊन परतलेल्या माश्या अळ्यांना उष्णतेपासून जपत असाव्यात. आपल्या गाडीच्या काचेवरचे किंवा वाळत घातलेल्या चादरीवरचे पिवळे शिंतोडे पाहून चडफडण्याआधी हे आठवावे.

उरली ती लहर. ऑस्ट्रियातील ग्राझचे गेराल्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये मोहोळांचे चित्रीकरण केले आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. लहर म्हणजे शेकडो माश्यांनी क्रमाक्रमाने पोट वर उचलणे. शेजारणीने उचलले की दुसरी उचलते, आणि सेकंदाच्या एका अंशात सारा पडदा झळाळून जातो. कोणासाठी? मुख्यतः गांधीलमाशीसाठी. मोहोळापासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत घुटमळणारी गांधीलमाशी लहर उठताच मागे सरते आणि एकही माशी जागा न सोडता, एकही डंख न वापरता शिकार टळते. मधुबाजासारख्या मोठ्या शत्रूसाठी रीत वेगळी असते. तेव्हा माश्या पडदा सोडून झेपावतात. गच्चीवरून दगड, धूर किंवा औषध गेले तर माणूसही याच रांगेत जाऊन बसतो.

म्हणजे दहिसरच्या खिडकीतून दिसणारी लहर तुमच्याविषयी नसते. ती तुम्हाला न दिसलेल्या एका गांधीलमाशीला दिलेला इशारा असते, आणि ती लहर चालू आहे तोवर पडदा जागच्या जागी असतो. सावध व्हायचे ते माश्या पडदा सोडून सुटू लागल्या तर. तेव्हा खिडक्या लावाव्यात आणि दिवे मालवावेत, कारण रात्री ही माशी दिव्याकडे ओढली जाते.

उन्हाळा सरताना मोहोळ उठते आणि रिकामे पोळे सज्जाखाली राहते. पुष्कळांना वाटते, सुटलो. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आसाममधील मोहोळांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. काही महिने दूर राहून आलेल्या मोहोळांतील राण्या तपासल्या, तेव्हा त्या आधीच्याच जागी परतल्याचे दिसले. एका कामकरी माशीचे आयुष्य या स्थलांतराहून तोकडे असते, त्यामुळे परतणाऱ्या माश्यांपैकी जवळजवळ कोणीही ती जागा पूर्वी पाहिलेली नसते. तरी मोहोळ त्याच कड्याला, त्याच फांदीला येऊन चिकटते.