तळटीप ७ : आरसा-उपचार
७. आरसा-उपचार : पक्षाघाताने दुबळ्या झालेल्या हाताचा व्यायाम. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करून दुबळा हात त्यामागे ठेवतात. चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहताना दुबळाच हात हलतोय असे भासते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती आधी कापलेल्या अवयवाच्या वेदनेवर वापरली. १९९९ साली पक्षाघातावरील तिचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हा नुसता दृष्टिभ्रम, असा आक्षेप घेतला जातो. पण भ्रम आहे हे पक्के ठाऊक असलेल्या रुग्णालाही गुण येतो. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास तपासल्यावर हालचालीत सुधारणा दिसली, अर्थात नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून. बीड जिल्ह्यात याचे मोल अधिक : वैद्यकीय महाविद्यालय पूर्वेला अंबाजोगाईत, तर आष्टी तालुका पार पश्चिम टोकाला. तिथून रोज ये-जा अवघड, पण फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतल्यास हा व्यायाम घरीच रोज करता येतो.