दिनविशेष : 19 जानेवारी 2026

पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ सुरू झाली. पाच दिवसांची, 437 किलोमीटरची ही टप्प्यांची सायकल शर्यत आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या 2.2 श्रेणीतली होती. पुरुषांची अशी शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली.

खरे मोल या श्रेणीच्या शर्यतीत मिळणाऱ्या गुणांचे. ऑलिंपिकच्या रस्ता-शर्यतीतल्या बहुतेक जागा जागतिक क्रमवारीवरून ठरतात आणि क्रमवारीसाठी लागतात गुण. त्यासाठी आपल्या सायकलपटूंना बहुतेक वेळा परदेशच गाठावा लागे. गुण मिळवण्याची संधी शेजारच्या पुणे जिल्ह्यात आली, ही आपल्या नगर जिल्ह्यातल्या पोरांसाठी फार मोठी गोष्ट आहे. चढाच्या सरावाला करंजी, इमामपूर, चंदनापुरी हे घाट आपल्याकडे आहेतच. हवा आहे तो पहाटेचे दोन तास तरी अवजड वाहनांपासून मोकळा रस्ता.