तोळाभर सोने, एक मोटार आणि सातपूरचा पगार

१/ दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर एखादे पिवळे पडलेले बिल फिरू लागते. १९६४ साली दहा ग्रॅम सोने सुमारे ६३ रुपयांना होते, हे वाचून खाली हळहळ सुरू होते : ‘काय स्वस्ताई होती!’ आकडा खोटा नाही. त्या वर्षीचा सरासरी भाव सुमारे सव्वात्रेसष्ट रुपयेच होता. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

२/ किंमत एकटी कधीच बोलत नाही. सोने असो, लेथ असो वा लाकूड कापायची यांत्रिक करवत. ती घेणाऱ्याच्या खिशात महिनाअखेरीस किती पडत होते, हे कळल्याशिवाय ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ हे शब्द पोकळ ठरतात. म्हणून इतिहासाचे अभ्यासक रुपये बाजूला ठेवतात आणि विचारतात : ही वस्तू घेण्यासाठी किती दिवस राबावे लागे? हाच प्रश्न आज नाशिकला, आणि विशेषतः सातपूरला विचारू.

३/ सातपूरच का? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्र्यंबक रस्त्यालगतच्या या गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनवणारी ‘मायको’ आली, महिंद्रांचा कारखाना आला, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आली. कंपनीचे नाव २००८ साली ‘बॉश’ झाले, तरी रिक्षावाल्याला आजही ‘मायको सर्कल’ असेच सांगावे लागते. शेतीवरचे हात पहिल्यांदा महिनेवारी पगारावर गेले, ती ही जागा.

४/ अडचण अशी, की खासगी कारखान्यांतले पगार करारागणिक आणि खात्यागणिक वेगळे. सलग पन्नास वर्षांची तुलना करायची तर एकच, न तुटणारी मोजपट्टी हवी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकरोडला सापडते. तेथील सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, नोटांचा छापखाना १९२८ चा. हे कामगार २००६ साली महामंडळाकडे जाईपर्यंत थेट केंद्र सरकारचे होते आणि केंद्राचे किमान वेतन प्रत्येक वेतन आयोगाने लिहून ठेवले आहे. नोटा छापणाऱ्या गावाच्या पगारावरूनच नोटेची किंमत मोजायची, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

५/ आता ते ‘६३ रुपये’. १९५९ च्या दुसऱ्या वेतन आयोगाने तळच्या कर्मचाऱ्याला दरमहा ८० रुपये ठरवून दिले. पुढे त्यात थोडा महागाई भत्ता मिळत गेला. म्हणजे १९६४ मध्ये दहा ग्रॅम सोन्यासाठी जवळपास तीन आठवड्यांचा पगार मोजावा लागे. शिवाय तो काळ सुवर्ण नियंत्रणाचा. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ पासून, १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी होती. भाव पडला होता हे खरे. पण सराफकट्ट्यावर हजारो कारागिरांचे हात रिकामे झाले होते, हे त्या पिवळ्या बिलावर लिहिलेले नसते.

६/ पुढचे टप्पे पाहा. १९७३ : किमान वेतन १९६ रुपये, दहा ग्रॅम सोने सुमारे २७८. सुमारे ४३ दिवसांचा पगार.
१९८६ : वेतन ७५०, सोने सुमारे २,१४०. ८६ दिवस.
१९९६ : वेतन २,५५०, सोने सुमारे ५,१६०. ६१ दिवस.
२००६ : वेतन ७,०००, सोने सुमारे ८,४००. अवघे ३६ दिवस.
२०१६ : वेतन १८,०००, सोने सुमारे २८,६००. ४८ दिवस.

७/ जरा थांबून हे पुन्हा वाचा. रुपयांत सोने प्रत्येक टप्प्यावर महाग झाले. कष्टांत मात्र ते १९८६ साली सर्वांत महाग होते आणि त्यानंतर वीस वर्षे स्वस्त होत गेले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या आईवडिलांनी ‘आता सोने परवडत नाही’ असे म्हटले असेल, तर १९८६ साली ते त्याहून कमी परवडत होते. (एक सावधगिरी : सहाव्या आयोगाचे वेतन जाहीर झाले २००८ मध्ये, लागू धरले जानेवारी २००६ पासून. २००६ सालच्या प्रत्यक्ष पाकिटात ७,००० नव्हते. फरकाची रक्कम मागाहून आली.)

८/ आणि आज? एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला. तेव्हा तळचे वेतन १८,००० अधिक ५५ टक्के महागाई भत्ता, म्हणजे २७,९००. सुमारे १०७ दिवस. मागची चाळीस वर्षे एका हनुमान उडीत मागे पडली. तेव्हा आजची हळहळ अगदीच निराधार नाही. फक्त तिने १९६४ कडे नव्हे, २००६ कडे पाहायला हवे.

९/ सोने खाणीतून येते. कारखान्यातून येणाऱ्या वस्तूचे काय? डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ आली, सुमारे ४७,५०० रुपयांना. १९८६ च्या ७५० रुपयांच्या वेतनाने भागले तरी ६३ महिने, म्हणजे पाच वर्षांचा अख्खा पगार. एक चहासुद्धा न पिता. आणि हा हिशेब मोटारीला झुकते माप देणारा आहे, कारण पगार तीन वर्षे नंतरचा धरला आहे.

१०/ जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या वर गेली होती. त्या महिन्यात केंद्राचा महागाई भत्ता बरोबर १०० टक्के होता. ७,००० चे १४,००० झाले होते. म्हणजे साधारण १६-१७ महिने. रुपयांत किंमत जवळपास पाचपट, कष्टांत मात्र चौथ्या हिश्श्याच्या आसपास. ‘भाव वाढले’ आणि ‘वस्तू स्वस्त झाली’ ही दोन्ही वाक्ये एकाच मोटारीबद्दल एकाच वेळी खरी आहेत.

११/ येथे तिसरा गडी येतो : महागाई. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक १९६० साली १०० धरला, तर १९७३ च्या आयोगासाठी तो २००, १९८६ साठी ६०८, १९९६ साठी १,५१० होता. २०१६ चा आकडा जुन्या मापात आणला तर ५,९६० च्या पुढे जातो. १९७३ पासून किमती तीसपट, किमान वेतन ९२ पट. म्हणजे खरे वेतन सुमारे तिप्पट झाले. हे आकडे मी प्रथम मांडले तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता, इतके ते घरोघरी ऐकलेल्या कहाणीच्या उलट आहेत.

१२/ पण ‘जुन्या मापात आणणे’ म्हणजे काय? दर काही दशकांनी निर्देशांकाचे आधारवर्ष बदलते : १९६०, १९८२, २००१, २०१६. नवा आकडा जुन्याला जोडण्यासाठी एक गुणक ठरवतात. १९६० आणि १९८२ मध्ये तो ४.९३, पुढे ४.६३, मग २.८८. दिसायला रूक्ष दशांश, पण महागाई भत्ता त्याच्यावर टांगलेला असतो. गुणक थोडा कमी धरला, की लाखो पाकिटांतून दरमहा काही रुपये आवाज न करता निघून जातात.

१३/ ही नुसती शंका नाही. महाराष्ट्रात यावरून मोठा संघर्ष झाला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा भत्ता ज्या निर्देशांकाला बांधलेला होता, त्याचे आधारवर्ष जून १९३४ ला संपलेले. कामगार काय खातो, काय नेसतो, याची यादी तिसाव्या दशकातली. बाजार साठाव्या दशकातला. आकडा खऱ्या महागाईच्या मागे राहतो, असे कामगार संघटना सांगत होत्या. १९६३ साली राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. निर्देशांक कमी दाखवला जात असल्याचे समितीने मान्य केले आणि तो सुधारून वर न्यावा लागला.

१४/ या घटनेला आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच ओळ मिळते. लढाया आणि तह लक्षात राहतात. डाळीचा भाव कोणत्या दुकानातून नोंदवायचा, यावरून झालेली लढाई राहत नाही.

१५/ नाशिकला या मालिकेत स्वतःचे केंद्र मिळाले ते १९८२ च्या आधारवर्षापासून. योगायोगाने त्याच वर्षी नाशिक महानगरपालिका झाली आणि सातपूर तिच्यात सामावले. तोवर सातपूरच्या कामगाराची महागाई दुसऱ्या शहरांच्या बाजारात मोजली जात होती. यादीही बदलत गेली : २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के, २०१६ च्या मालिकेत सुमारे ३९. उरलेली जागा घरभाडे, शिक्षण, औषधे, प्रवास यांनी व्यापली. ज्याच्या घरी अजूनही अर्धा पगार किराण्यावर जातो, त्याला सरासरीचा निर्देशांक आपला वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

१६/ आता पुन्हा मोटारीकडे. ती कष्टांत स्वस्त का झाली? आयात शुल्क, स्पर्धा, मोठे उत्पादन ही कारणे आहेतच. पण मुख्य कारण असे, की एक मोटार, एक इंजेक्टर, एक करवत बनवायला लागणारे माणसांचे तास घटले. हातलेथच्या जागी संगणकावर चालणारी यंत्रे आली. हे तास घटले ते सातपूरसारख्याच ठिकाणी. ज्या बदलाने कामगाराला दुचाकी आणि पुढे चारचाकी परवडू लागली, त्याच बदलाने त्याच्या शेजारच्या मशीनवरची कायम जागा कमी केली.

१७/ म्हणून वरचे सारे हिशेब कोणाचे, हेही सांगितले पाहिजे. ते वेतन आयोगाच्या छत्राखालच्या, म्हणजे कायम नोकरीतल्या माणसाचे आहेत. त्याच वसाहतीत कंत्राटदारामार्फत उभा असलेला मुलगा किमान वेतनाच्या दरावर असतो. त्या दरातला विशेष भत्ता राज्य सरकार दर सहा महिन्यांनी निर्देशांकानुसार बदलते. मूळ दर मात्र पुढच्या फेरनिश्चितीपर्यंत, बहुधा वर्षानुवर्षे, तोच राहतो. निर्देशांक त्याला महागाईबरोबर चालवतो, पुढे नेत नाही. ‘खरे वेतन तिप्पट’ हे वाक्य त्याच्यासमोर म्हणून पाहा.

१८/ घरात कोणाची जुनी पगारचिठ्ठी असेल, मायकोची, प्रेसची, एखाद्या लहान वर्कशॉपची, तर ती नीट जपून ठेवा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता हे दोन रकाने वेगळे वाचा. आणि त्याच वर्षाचे सराफाचे, सायकलचे वा शिलाई मशीनचे बिल सापडले, तर दोन्ही शेजारी ठेवून भागाकार करा. नाव-पत्ता झाकून उत्तर खाली लिहा. वर्ष लिहायला विसरू नका.