बाथटबचा सांधा : व्हाइट सिमेंट नव्हे, सिलिकॉन

खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतावर ओल दिसू लागली की संशय प्रथम नळजोडण्यांवर जातो. बाथटब असलेल्या न्हाणीघरात मात्र दोष अनेकदा डोळ्यांसमोरच असतो : टबची कड आणि भिंतीवरील टाइल्स यांमधील सांध्यात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणीघरातील अशा अंतर्गत गळतीचा खर्च सदस्यानेच सोसायचा असतो. त्यामुळे या सांध्याकडे वेळीच लक्ष देणे हिताचे.

हा सांधा व्हाइट सिमेंटने भरण्याची पद्धत रूढ आहे. पण ते टिकत नाही. भिंत स्थिर असते, टब नसतो. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो भार. त्यात माणसाच्या वजनाची भर पडली की अ‍ॅक्रिलिकचा टब किंचित दबतो. कडक सिमेंटला तडा जातो आणि त्यातून पाणी मुरते. येथे ताण सोसणारे, बुरशीरोधक 'सॅनिटरी' सिलिकॉन सीलंटच हवे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवराला मारक ठरते. तेथे 'न्यूट्रल' प्रकार वापरावा.

प्रथम गळतीचे मूळ तपासावे. भिंतीवर पाणी न उडवता टब भरून रिकामा करावा. तेवढ्याने ओल वाढली तर सांडपाण्याची जोडणी सदोष असण्याची शक्यता अधिक. केवळ शॉवरनंतर वाढत असेल तर सांधा आणि टाइल्समधील फटी पाहाव्यात.

जुने सिमेंट व सिलिकॉन पूर्णपणे खरवडून काढावे. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही. टबवर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरावी. सांधा स्पिरिटने पुसून किमान एक दिवस वाळू द्यावा, पावसाळ्यात अधिक. त्यानंतर टब पाण्याने भरावा. भाराने फट रुंदावते आणि त्याच स्थितीत सिलिकॉन भरल्यास टब रिकामा झाल्यावर ते ताणले न जाता दाबले जाते.

फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. नळीचे तोंड तिरके कापून, मध्ये न थांबता एकसलग थर द्यावा. साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट त्यावरून एकदाच फिरवावे आणि साय धरण्यापूर्वी टेप काढावी. फट रुंद असेल तर आत आधी फोमची दोरी बसवावी. सिलिकॉन हवेतील आर्द्रतेमुळे बाहेरून आत घट्ट होते. म्हणून किमान 24 तास सांध्यावर पाणी पडू देऊ नये आणि टबही तोवर भरलेलाच ठेवावा.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी : सिलिकॉन म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइल्समागे पाणी आधीच मुरले असेल, तर वरून सांधा भरल्याने ओल केवळ झाकली जाते. टाइल पोकळ वाजू लागली, तर ती उखडून पाहणेच इष्ट.