दानाचा पैसा आणि दहशतवाद : तपास नेमका कशाचा?

काळा पैसा पांढरा करण्याच्या गुन्ह्यात पैशाचा उगम गढूळ असतो. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यात उगम स्वच्छ असू शकतो. गढूळ असतो तो हेतू. श्रद्धेने दिलेली देणगी, रीतसर पावती आणि बँकेतील नोंद चोख असूनही पुढे पैसा हिंसाचाराकडे वळवता येतो. म्हणूनच बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याचे कलम १७ पैसा वैध मार्गाने आला की अवैध, असा भेद करीत नाही. दहशतवादी कृत्यासाठी वापर होण्याची शक्यता ठाऊक असूनही निधी गोळा करणे वा पुरवणे हा गुन्हा आहे. प्रत्यक्ष वापर झाला नसला तरी किमान पाच वर्षे कारावास ते जन्मठेप अशी शिक्षा होऊ शकते.

हा धोका कल्पनेतला नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीने पाकिस्तानातील ‘जमात-उद-दावा’ ही मदतकार्य करणारी म्हणून मिरवणारी संघटना ‘लष्कर-ए-तोयबा’चेच दुसरे नाव असल्याची नोंद केली. पुढे ‘फलाह-ए-इन्सानियत’ या नव्या नावालाही त्याच यादीत स्थान मिळाले.

भारतात न्यासांवरील देखरेख राज्यागणिक बदलते. ग्वाल्हेरमधील सार्वजनिक न्यासाची नोंद मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्यान्वये निबंधक या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांचे आहे. गोव्यातील देवस्थानांना पोर्तुगीज राजवटीतील १९३३ ची नियमावली लागू आहे. या यंत्रणांचा मूळ उद्देश मालमत्ता व हिशेब राखणे हा असून निधीमागील हेतू शोधणे हा नव्हे. त्यावर केंद्रीय पहारा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. ना-नफा संस्थांच्या दहा लाख रुपयांपेक्षा अधिक जमा व्यवहारांची माहिती बँका वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला देतात.

तपासात तीन गोष्टी ताडून पाहाव्या लागतात : पैसा कोणी दिला, कोणाच्या सहीने निघाला आणि कागदावरील लाभार्थ्यापर्यंत पोहोचला का. यापलीकडे, संबंधितांना पैशाच्या अंतिम उपयोगाची जाणीव होती हे सिद्ध करणे सर्वांत कठीण असते.

मुंबईतील दोन प्रकरणांतून बंदी आणि दोषसिद्धी यांतील अंतर कळते. झाकीर नाईक यांच्या ‘इस्लामिक रिसर्च फाउंडेशन’वर केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली व २०२१ मध्ये तिची मुदत वाढवली. अशी बंदी हा प्रशासकीय निर्णय असतो आणि न्यायाधिकरण त्याची छाननी करते. फौजदारी खटल्याची कसोटी याहून कठोर असते. मालेगाव येथे २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. त्या खटल्यात ‘अभिनव भारत’ या संस्थेचा निधी कटासाठी वापरल्याचा आरोप होता. मुंबईतील विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली; निधी दहशतवादी कृत्यासाठी वापरल्याचा आरोपही न्यायालयात टिकला नाही. या निकालाविरुद्ध पीडितांच्या कुटुंबीयांनी उच्च न्यायालयात दाद मागितली.

आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाची आठवी शिफारसही सरसकट संशयाच्या विरोधात आहे. जिथे धोका खरा आहे, तिथेच आणि धोक्याच्या प्रमाणातच निर्बंध असावेत, असे ती सांगते. भारताविषयीच्या २०२४ च्या मूल्यमापनातही ना-नफा संस्थांसाठीचे उपाय जोखमीनुसार आखण्याची आणि या संस्थांशी संवाद वाढवण्याची गरज नोंदवली गेली.

वैद्यकीय मदत, शिष्यवृत्त्या, अन्नछत्रे हे सारे याच देणग्यांवर चालते. तपास ढिला पडला तर देणगीदाराच्या पुण्याईवर कोणाचे तरी प्राण जातात. तो बेछूट झाला तर प्रामाणिक संस्थेचे खाते गोठते आणि रुग्ण उपचाराविना राहतो. म्हणून देणगीदाराची नोंद, ठरावाची प्रत आणि लाभार्थ्याची पोच जपणे ही केवळ कायद्याची सक्ती नाही. वेळ येईल तेव्हा संस्थेची निर्दोषता याच कागदांवर ठरते.