भोगवर्धनचा व्यापार



नदीकांठच्या प्राचीन संस्कृतीचा विषय निघाला कीं बहुधा नाईल, युफ्रेटिस आणि सिंधु या तीन नद्यांचींच नांवें आपल्या ओठांवर येतात. गोदावरी आपल्या इतकी जवळची, कीं तिच्या खोऱ्यांतहि एके काळीं नगरें, बाजारपेठा आणि दूरदूरचा व्यापार नांदत होता हें आपल्या ध्यानींच येत नाहीं. त्यांतून जालना जिल्ह्याचें नांव काढावें, तर ऐकणाऱ्याला अवर्षण, कोरड्या विहिरी आणि कामासाठीं गांव सोडून जाणारीं माणसें आठवतात. हा मुलूख पहिल्यापासूनच असा, येथील दारिद्र्य मातींतच आहे, असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि सहज बोलून जातात. हा समज खरा आहे काय, एवढा एकच प्रश्न मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें. आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांला दोन हजार वर्षें मागें, भोकरदन या गांवीं घेऊन जाणार आहें.

जालना जिल्हा १९८१ सालीं, त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून वेगळा निघाला. भोकरदन हें त्याच्या उत्तर भागांतील तालुक्याचें ठिकाण. गांव केळणा नदीच्या कांठीं वसलें आहे. केळणा पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढें गोदावरीला. या गांवाचें प्राचीन नांव भोगवर्धन. मार्कंडेय पुराणांत दक्षिणेकडील लोकांची जी यादी आहे तींत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. पण पुराणापेक्षांहि बोलका पुरावा दगडाचा आहे. मध्य भारतांतील सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर, ज्यांनीं बांधकामासाठीं दान दिलें त्यांचीं नांवें आणि गांवें कोरलेलीं आहेत. त्या गांवांत भोगवर्धनहि आहे. भोकरदनपासून सांची शंभराहून अधिक कोस. इतक्या अंतरावरच्या स्तूपासाठीं दान देणाऱ्या माणसांच्या गांठीं खर्चून उरेल एवढा पैसा होता, त्यांच्या पायाखालीं नेहमींच्या वहिवाटीचा रस्ता होता, आणि आपल्या गांवाचें नांव दगडावर कोरवून घ्यावें एवढा त्या गांवाचा त्यांना अभिमान होता.

तो रस्ता कोणता, हेंहि आपणांस ठाऊक आहे. सुत्तनिपात या पालि ग्रंथांत गोदावरीकांठच्या बावरी नांवाच्या आचार्याचे शिष्य उत्तरेकडे निघतात. ते प्रतिष्ठानाहून, म्हणजे आपल्या पैठणाहून, महिष्मती, उज्जयिनी आणि विदिशा या मार्गानें श्रावस्तीकडे जातात. पैठण सोडून उत्तरेस जाणाऱ्याला अजिंठ्याचा डोंगर ओलांडून तापीच्या खोऱ्यांत उतरावें लागे. डोंगर चढण्यापूर्वीं ज्या टापूंत बैलांना विसावा द्यावयाचा आणि शिधा भरून घ्यावयाचा, त्या टापूंत भोगवर्धन होतें. पेठ वाढण्यास एवढें निमित्त पुष्कळ होतें. पण भोगवर्धन नुसत्या वाटसरूंवर जगलें नाहीं.

१९७३ सालीं नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनीं मिळून येथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख होते. या उत्खननांत सातवाहन काळाची भरघोस वस्ती उजेडांत आली. नाणीं, भाजलेल्या मातीच्या मूर्ति, शंखाच्या बांगड्या, आणि नाना प्रकारच्या दगडांचे व कांचेचे मणी सांपडले. हे मणी हातीं घेतले म्हणजे त्या काळचें अर्थकारण उलगडूं लागतें. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक आणि त्याच्या जातीचे इतर खडे तयार होतात. ओढ्यानाल्यांच्या पात्रांत ते आजहि पायाखालीं येतात, आणि आपण त्यांना गारगोटी म्हणून लाथेनें उडवितों. मणी करणारा कारागीर तोच खडा उचली, मंद आंचेवर भाजी, आणि त्यांतील लोहाच्या अंशामुळें त्याला तांबूस रंग चढला म्हणजे तो छिलून, घांसून, झिलई देऊन त्याला वेज पाडी. खडा फुकटचा होता. किंमत होती ती हाताची. शंखाची गोष्ट याच्या उलट. शंख समुद्रांतला, म्हणजे तो किनाऱ्याहून घाट चढून येथें येई. बाहेरून कच्चा माल आणून त्यावर काम करणें आणि घरच्या दगडाला मोल आणून तो बाहेर धाडणें, व्यापाराच्या या दोन्ही रीति या लोकांना अवगत होत्या.

हा माल जाई कोठें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रप्रवासाची एक वाटदर्शिका लिहून ठेवली आहे. ती पेरिप्लस या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत तो सांगतो कीं, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणाहून अकीकाच्या जातीचे खडे मोठ्या प्रमाणावर, आणि तगराहून साधें कापड व तलम मलमल, गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखांतून भडोचेस येतात, असें त्यानें नोंदविलें आहे. एका परक्या खलाशानें वीस दिवसांच्या अंतरावरील गांवांचीं नांवें आणि त्यांचा माल लिहून ठेवावा, यावरून या पेठांचा लौकिक कळून येतो.

त्या लौकिकाची एक साक्ष इटलींत आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकांत पाँपी हें नगर राखेखालीं गाडलें गेलें. त्या नगरांतील एका घरांत १९३८ सालीं आमेदेओ माइउरी या संशोधकाला वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. तिचे दागिने भारतीय, दोहों बाजूंना उभ्या दासी भारतीय. पुढें भोकरदनच्या उत्खननांत तिच्याच धर्तीची, दासींसह असलेली एक हस्तिदंती मूर्ति भग्न स्थितींत सांपडली, आणि तेरलाहि तशाच घडणीची दुसरी मिळाली आहे. तेव्हां पाँपीची मूर्ति दख्खनमध्येंच घडली असावी असें कांहीं विद्वानांचें मत झालें. तिच्यावर खरोष्ठी लिपींतील अक्षर आहे, यावरून दुसरे कांहीं तिचा संबंध वायव्येकडे जोडतात. या वादाचा निकाल कसाहि लागो; रोमच्या धनिकाच्या घरांत शोभणारें काम केळणेच्या कांठच्या लोकांच्या परिचयाचें होतें, एवढें निर्विवाद आहे. त्याच उद्रेकांत मृत्यु पावलेल्या थोरल्या प्लिनीनें, हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्याचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार लिहून ठेवली आहे.

परंतु रस्ता आणि कसब यांवरच व्यापार उभा राहत नाहीं. तिसरी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे पत. याच गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकच्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. त्यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. ते तिजोरींत ठेवले नाहींत कीं कोणा सावकाराला दिले नाहींत. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. आतां हिशेब पाहा. दोन हजारांवर शेंकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशें चाळीस. लेखांत म्हटलें आहे कीं या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावे. वीस गुणिले बारा, दोनशें चाळीस! पै-पैचा मेळ बसतो. मूळ रक्कम परत मागावयाची नाहीं, फक्त व्याज घ्यावयाचें, आणि हा सारा व्यवहार नगराच्या निगमसभेंत जाहीर करून दप्तरीं नोंदविलेला. मागावर बसणाऱ्या कोष्ट्यांच्या संघटनेवर राजाचा जांवई एवढी रक्कम कायमची सोंपवितो, याहून त्यांच्या पतीचें मोठें प्रमाणपत्र कोणतें?

ही पत राजकारणाच्या उलथापालथींतहि टिकून राहिली असें दिसतें. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा मिळाला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर, नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें स्वतःचा ठसा उमटविला होता. शत्रूचा पैसा त्यानें बुडविला नाहीं. त्यावर आपला शिक्का मारून तो बाजारांत चालूं दिला.

उलट, राजकारणानें व्यापाराचा गळा आवळला म्हणजे काय होतें, तेंहि याच काळांत पाहावयास मिळतें. पेरिप्लसचा लेखक सांगतो कीं कल्याण बंदर पूर्वीं रीतसर चालत असे. पुढें तें अडविण्यांत आलें, आणि तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेकडे नेलीं जाऊं लागलीं. दोन सत्तांच्या भांडणांत बंदर मेलें, तर घाटमाथ्यावरच्या मणी करणाऱ्याच्या चुलीवरहि त्याचा परिणाम होणारच. तिसऱ्या शतकांत सातवाहनांची सत्ता संपली, त्याच शतकांत रोमचें साम्राज्य अराजकानें आणि खोट्या चांदीच्या नाण्यांनीं खिळखिळें झालें, आणि दख्खनमधील अनेक भरभराटलेलीं नगरें ओसरूं लागलीं. भूमि तीच राहिली, काळा कातळ तोच राहिला, केळणेचें पात्रहि तेंच. मोडला तो रस्ता, आणि मालाला मागणी राहिली नाहीं.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. येथील दारिद्र्य मातींत नाहीं. ज्या मातींत पाऊस कमी, तेथेंच पायाखालच्या गारगोटीला मोल आणणारे हात निपजले होते. अर्थात् पूर्वीं सारें सुवर्णयुगच होतें असें मला म्हणावयाचें नाहीं. मलमल विणणाऱ्याच्या अंगावर मलमल होती काय, हें कोणत्याहि लेखांत कोरलेलें नाहीं. आणि परक्या चैनीवर पोसलेली पेठ ती चैन आटतांच कशी कोमेजते, हा धडाहि त्याच इतिहासाचा आहे. पण कसब, रस्ता आणि पत हीं तीन एकत्र आलीं तेव्हां हा मुलूख उभा राहिला, हेंहि तितकेंच खरें. १९६४ सालीं जालना येथें संकरित बियाण्यांचा उद्योग सुरू झाला आणि जालन्याचें नांव दूरवरच्या शेतकऱ्यांच्या तोंडीं झालें, तें पावसाच्या बळावर नव्हे. बीं विकत घेणारा शेतकरी तें उगवण्यापूर्वींच पैसे मोजतो. म्हणजे तेथेंहि भांडवल पतीचेंच.

शेवटीं एकच विनंति. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. दख्खनच्या कित्येक गांवीं या पांढरीची माती कसदार म्हणून शेतांत नेऊन टाकतात, आणि घरांचे पाये खणतांना मणी, खापरें, नाणीं निघतात तीं पोरांच्या खेळण्यांत जातात. त्यांतील प्रत्येक मणी म्हणजे या मुलखाच्या जमाखर्चाच्या वहींतील एकेक ओळ आहे. वही आपणच फाडून टाकावयाची, आणि मग आमच्या खात्यावर कधीं कांहीं जमाच नव्हतें म्हणून कपाळाला हात लावावयाचा, हें शहाण्याचें लक्षण नव्हे. आपल्या गांवच्या पांढरींत कांहीं सांपडलें, तर तें जपून ठेवा आणि जाणकाराच्या नजरेस आणा. भोगवर्धनच्या माणसांनीं आपल्या गांवाचें नांव शंभर कोसांवरच्या दगडावर कोरविलें. तें नांव त्याच्या स्वतःच्या मातींतून पुसलें जाऊं नये, एवढी काळजी आपण घेऊं शकतों.